लंडनची चर्चिल वॉर रूम्स: एका माणसाचे संग्रहालय, एका पिढीचे तळघर

लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि थेम्स नदीवरची बोटीची फेरी ही ठिकाणे ठरलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात पंतप्रधान विन्स्टन चर्चिल आणि त्यांचे मंत्रिमंडळ ज्या तळघरातून युद्ध चालवत त्या चर्चिल वॉर रूम्सचे नाव त्या यादीत आलेच तर शेवटी येते आणि प्रौढांचे तिकीट ३० पौंडांहून अधिक आहे हे कळल्यावर बहुधा गळून पडते. माझे मत स्पष्ट आहे: संकटकाळात राजकीय नेतृत्व कसे वागते आणि असे वागणारी माणसे मुळात घडतात कशी, या प्रश्नाची ज्याला खरोखर आस्था आहे त्याने दुसरे एखादे ठिकाण गाळावे, पण हे पाहावे. मात्र जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. या ठिकाणी येणाऱ्याच्या हाती प्रामुख्याने एका माणसाची कथा दिली जाते. त्या खोल्या मात्र एका पिढीबद्दल बोलतात. दोन्ही ऐकू आल्या तरच तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होतात.

व्हाइटहॉलमधील सरकारी कचेऱ्यांच्या एका भक्कम दगडी इमारतीचे हे तळघर. युद्ध आले तर लंडनवर बॉम्ब पडणार हे गृहीत धरून १९३८ मध्ये ते सज्ज करण्याचे काम सुरू झाले आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी ते कामाला लागले. त्यानंतर आठवड्याभरात ब्रिटन युद्धात उतरले होते. १९४० च्या अखेरीस, बॉम्बवर्षाव भरात असताना, डोक्यावरच्या छतात जाड काँक्रीटचा थर ओतण्यात आला. १६ ऑगस्ट १९४५ रोजी इथले दिवे मालवले गेले. १९८४ मध्ये हे ठिकाण सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि २००५ मध्ये त्याला चर्चिल यांच्या चरित्राला वाहिलेल्या संग्रहालयाची जोड मिळाली. आज ते इम्पिरियल वॉर म्युझियम्स या संस्थेच्या देखरेखीखाली आहे.

प्रवेशद्वार सेंट जेम्स पार्कच्या बाजूला, ‘क्लाइव्ह स्टेप्स’ या पायऱ्यांच्या तळाशी आहे आणि पायऱ्यांच्या माथ्यावर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. क्लाइव्ह म्हटले की आपल्याला प्लासी आठवते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांनी जो हल्ला केला त्यात जमिनीवरच्या फौजेचे नेतृत्व याच क्लाइव्हकडे होते. आत शिरण्यापूर्वी त्या पुतळ्यापाशी मराठी माणसाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. राग काढण्यासाठी हे सांगत नाही. खाली ज्या सभागृहात निर्णय होत होते त्याचा पल्ला फक्त युरोपपुरता नव्हता, याची आठवण राहावी म्हणून सांगतो.

सेवेबद्दल मोजकेच सांगण्यासारखे आहे, कारण ती चोख आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढून वेळ ठरवून जाणे शहाणपणाचे, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत रांगेत ताटकळावे लागते. ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो. त्यात मराठी नाही, पण इंग्रजी निवेदन सावकाश आणि स्वच्छ आहे आणि तिथे काम केलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. बोळ अरुंद आहेत. गर्दीच्या वेळी मागचा माणूस खोळंबतो म्हणून पुढच्याला सरकावे लागते आणि नेमक्या थांबण्याच्या जागीच थांबता येत नाही. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी. दोन तास तरी हाताशी ठेवावेत. मी म्हणेन, तीन.

पहिला मोठा थांबा म्हणजे मंत्रिमंडळाची खोली. काचेआडून दिसते ती अगदी साधी: चौकोनात मांडलेली टेबले, त्यांवर निळसर आच्छादन, कागदांच्या जागा, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्या नकाशासमोर पंतप्रधानांची लाकडी खुर्ची. युद्धकाळात या खोलीत मंत्रिमंडळाच्या ११५ बैठका झाल्या. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांशी लाकडावर खोल ओरखडे आहेत, चर्चिल यांच्या नखांचे आणि बोटातल्या अंगठीचे. मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेल्या बैठकांत हा माणूस बोलत नसे तेव्हा काय करीत असे, ते त्या लाकडात उमटून राहिले आहे. भाषणांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांच्या धीरोदात्तपणाची जी प्रतिमा मनात तयार होते तिच्यापेक्षा हे ओरखडे मला अधिक विश्वासार्ह वाटले. मन स्थिर नव्हते. तरीही खुर्ची सोडली गेली नाही.

पण तेवढेच पाहून पुढे सरकू नये. टेबलांच्या मधल्या मोकळ्या चौकात, पंतप्रधानांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर तिन्ही सैन्यदलांच्या प्रमुखांच्या जागा आहेत. ही रचना मला फार बोलकी वाटते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आणि ज्ञान दोन्ही आहेत, त्याला डोळ्यांसमोर बसवायचे. १९४१ च्या अखेरीपासून भूदलाचे प्रमुख असलेले ॲलन ब्रूक तिथे बसून चर्चिल यांच्या एकामागून एक आलेल्या मोहिमांच्या कल्पना हाणून पाडत. चर्चिल चिडत, आदळआपट करीत, मध्यरात्रीपर्यंत वाद घालीत; पण तिन्ही प्रमुखांचा एकमुखी नकार शेवटी मानत असत. ब्रूक यांना हटवून एखादा होयबा आणणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. संकटातल्या नेतृत्वाची पारख करायची तर मी भाषणांच्या आधी ही गोष्ट तपासेन.

आता त्या टेबलाभोवतीच्या इतर खुर्च्यांकडे वळतो, कारण पिढीचा प्रश्न तिथे सुरू होतो. त्यांवर बसणारी बहुतेक माणसे १८७० ते १९०० या काळात जन्मलेली होती. पहिले महायुद्ध त्यांच्यापैकी अनेकांनी खंदकात अनुभवले होते. चर्चिल यांनी १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेचा आग्रह धरला, ती फसली, पद गेले आणि त्यानंतर ते स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर गेले. १९१६ च्या आरंभी काही महिने त्यांनी एका पायदळ बटालियनचे नेतृत्व केले. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे दोन भाऊ त्या युद्धात गेले होते आणि ते स्वतः शौर्यपदक मिळवून परतले होते. उपपंतप्रधान क्लेमंट ॲटली गॅलिपोलीतच होते. सुव्हलाच्या किनाऱ्यावरून सैन्य मागे घेतले गेले तेव्हा शेवटी निघालेल्यांत त्यांचा क्रमांक शेवटून दुसरा होता. पुढे मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), एप्रिल १९१६ मध्ये, ते जखमी झाले. ती लढाई कशासाठी होती हे मराठी वाचकाला ठाऊक असावे: कूट येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनची सुटका करण्यासाठी. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सुटका झाली नाही. महिनाअखेरीस कूटने शरणागती पत्करली आणि आपल्या भागातले कितीतरी जवान तुर्की कैदेत गेले.

म्हणजे १९४० मध्ये निर्णय घेणाऱ्या या माणसांना चुकीच्या आदेशाची किंमत आकड्यांतून कळलेली नव्हती. कोणी तो आदेश दिला होता, कोणी तो पाळला होता, कोणी त्यात भाऊ गमावले होते. विशेष म्हणजे ज्याने गॅलिपोलीचा हट्ट धरला आणि जो त्या किनाऱ्यावरून मागे फिरला ते दोघे पंचवीस वर्षांनी परस्परविरोधी पक्षांतून येऊन एकाच टेबलावर बसले. संकटाच्या वेळी नेता ‘उभा राहतो’ असे आपण सहज म्हणून जातो. या खोलीत ते म्हणणे अपुरे वाटते. ती माणसे १९४० मध्ये उभी राहिली खरी, पण त्यांची जडणघडण त्याच्या एक पिढी आधीच झाली होती, आणि तीही यशाने नव्हे, तर एका प्रचंड अपयशाने.

या पंक्तीत अर्नेस्ट बेव्हिन यांचे स्थान निराळे आहे आणि माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे आहे. ते कोणत्याही खंदकात नव्हते. आठव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी शाळा सुटली, ब्रिस्टलमध्ये मालवाहू गाडी हाकली आणि तिथून त्यांनी देशातील सर्वांत बलाढ्य वाहतूक कामगार संघटना उभारली. मे १९४० मध्ये त्यांना कामगारमंत्री नेमले तेव्हा ते संसदेचे सदस्यदेखील नव्हते. नंतर त्यांना पोटनिवडणुकीत निवडून आणावे लागले. देशातील प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या श्रमावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला आणि तो या माणसाच्या हाती दिला, कारण त्याने घातलेली बंधने कामगार सहन करतील असा विश्वास होता. उमरावाच्या राजवाड्यात जन्मलेल्या पंतप्रधानाने हे ओळखले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

परंतु ‘त्या पिढीत काही वेगळाच कस होता’ अशा ठोकळ निष्कर्षावर कोणी येत असेल तर त्याने दोन नावे ध्यानात घ्यावीत. चर्चिल यांच्या आधीचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन त्याच पिढीच्या वरच्या टोकाचे; पहिल्या महायुद्धात त्यांचा जिवाभावाचा चुलतभाऊ मारला गेला आणि पुन्हा युद्ध होऊ द्यायचे नाही ही त्यांची तळमळ त्या दुःखातून आली होती. दुसरे लॉर्ड हॅलिफॅक्स. या नावाने आपल्याकडे त्यांना कोणी ओळखणार नाही, पण सांगलीचा आयर्विन पूल ज्या व्हाइसरॉयच्या नावाचा आहे आणि ज्यांच्याशी गांधीजींनी १९३१ चा करार केला, तेच हे आयर्विन. १९४० मध्ये ते परराष्ट्रमंत्री होते. २६ ते २८ मे या तीन दिवसांत, ब्रिटिश सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेले असताना, इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी तरी पाहाव्यात असा आग्रह त्यांनी पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात धरला. त्यांच्यात भ्याडपणा नव्हता. गांधीजींशी वाटाघाटी करताना जो समंजसपणा उपयोगी पडला होता तोच हिटलरच्या बाबतीत निरुपयोगी होता, हे त्यांना उमगले नाही. चर्चिल यांचा कल उलट होता आणि मजूर पक्षाचे ॲटली व ग्रीनवुड त्यांच्या बाजूने ठाम राहिले. २८ मे रोजी चर्चिल यांनी युद्धमंत्रिमंडळाबाहेरच्या मंत्र्यांना एकत्र बोलावून त्यांचा पाठिंबा मिळवला आणि प्रश्न निकालात निघाला. या बैठका या तळघरात झालेल्या नाहीत, हे नोंदवायला हवे. अनेक पर्यटक तसे समजून चालतात. पण तळघरातल्या त्या टेबलाचा अर्थ त्या तीन दिवसांशिवाय लागत नाही. एकाच युद्धाने एकाच पिढीला दोन धडे दिले होते. कोणता धडा कोणत्या वेळी लागू पडतो हे ओळखणे हा पिढीचा गुण नसून व्यक्तीचा होता, आणि त्या व्यक्तीला बाजूने मत देणारे सहकारी लागले.

नकाशाची खोली हा या भेटीचा गाभा आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे अधिकारी इथे रात्रंदिवस पाळीपाळीने बसत आणि युद्ध संपेपर्यंत ही खोली एक दिवसही बंद राहिली नाही. रंगीत दूरध्वनींची रांग, भिंतभर नकाशे, टेबलांवरची पुस्तके १९४५ मध्ये जिथे ठेवली गेली तिथेच आहेत. अटलांटिक महासागराच्या नकाशाजवळ जमेल तेवढे जावे. धान्य आणि इंधन घेऊन येणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांची जागा टाचण्यांनी दाखवली जाई, आणि टाचण्या इतक्या वेळा हलवल्या गेल्या की समुद्राच्या मध्यावर छिद्रांची दाटी होऊन कागद जाळीसारखा झाला आहे. एकेक छिद्र म्हणजे एका ताफ्याचा एका वेळचा ठावठिकाणा. काही ताफ्यांची पुढची छिद्रे नाहीतच. याच खोलीत एका हवाई दल अधिकाऱ्याच्या मेजाच्या खणात पाकिटात जपून ठेवलेले साखरेचे तीन खडे अनेक दशकांनी सापडले. साखर शिधापत्रिकेवर मिळत होती. देशाची सारी गुपिते ज्याच्यासमोर भिंतीवर टांगलेली होती तो माणूसही आपल्या वाट्याची साखर पुरवून पुरवून खात होता. नेतृत्वावर लोकांचा विश्वास बसतो तो अशा समान वाटपाने, आणि ही गोष्ट ऑडिओ गाइडच्या निवेदनापेक्षा त्या तीन खड्यांनी मला अधिक पटवली.

इटलीचे नकाशे पाहताना आपल्या वाचकांनी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही नावे मनात ठेवावीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे दोन जवान. घाडगे जुलै १९४४ मध्ये शत्रूची मशीनगन एकट्याने काबीज करून धारातीर्थी पडले. जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठावर जखमी सहकाऱ्यांना वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लंडनच्या तळघरातली एक टाचणी पुढे सरकायची तर कोकणातली आणि साताऱ्याकडची पोरे डोंगर चढत होती.

बोळाच्या पुढच्या भागात टंकलेखिकांची खोली, कर्मचाऱ्यांच्या निजण्याच्या जागा, स्वयंपाकघर आणि पंतप्रधानांची निजायची खोली आहे. चर्चिल यांनी इथे प्रत्यक्षात अगदी मोजक्या रात्री काढल्या. त्यांना वर राहणे पसंत होते आणि हल्ला चालू असताना गच्चीवर जाऊन पाहण्याचा त्यांना नाद होता. खाली राहिल्या त्या तरुण टंकलेखिका आणि कारकून. हवा कोंदट, उंदरांचा सुळसुळाट, तळमजल्याखालच्या निजण्याच्या जागेत ताठ उभे राहता येत नसे, आणि सूर्यप्रकाश मिळत नसल्याने तब्येत बिघडू नये म्हणून दिव्याखाली बसवले जाई. पंतप्रधानांना टंकयंत्राचा खडखडाट खपत नसल्याने कमी आवाजाची यंत्रे अमेरिकेहून आणली होती. बाहेर हवा कशी आहे ते सांगणारी पाटी बोळात आहे; जोराचा हवाई हल्ला चालू असला की तिच्यावर ‘वादळी वारा’ अशा अर्थाचा शब्द लावण्याचा प्रघात होता. ही मुले विशीतली होती. त्यांनी गॅलिपोली पाहिली नव्हती, त्यांच्यासाठी हेच पहिले संकट होते, आणि १९४५ नंतरचे ब्रिटन त्यांनीच घडवले. त्यांच्या आठवणी सांगणाऱ्या ध्वनिफितींवर घाई करू नये.

अटलांटिकपार बोलण्यासाठीच्या दूरध्वनीची कोठडी पाहून मुले खूश होतात. तिच्या दाराला शौचालयाची कडी होती आणि पंतप्रधानांचे खासगी शौचालय म्हणूनच कर्मचारी तिच्याकडे पाहत. आत बसून चर्चिल अमेरिकेच्या अध्यक्षांशी बोलत. संभाषण सांकेतिक करणारे यंत्र इतके मोठे होते की ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस दुकानाच्या तळघरात ठेवावे लागले.

खोल्यांच्या मध्यावरून चर्चिल संग्रहालयात जाता येते. मांडणी आधुनिक आहे आणि लांबच लांब डिजिटल टेबलावर त्यांच्या आयुष्याचा वर्षवार पट उलगडतो. मात्र दालनांचा क्रम १९४० पासून सुरू होतो. विजय आधी, मग उत्तरायुष्य, आणि बालपण व राजकारणातली चढउतार त्यानंतर. नव्या पर्यटकाला खिळवून ठेवण्यासाठी ते ठीक असेल. नेतृत्व कसे घडते हे समजून घ्यायचे असेल तर मी उलटा क्रम सुचवीन: आधी जन्माच्या दालनाकडे जावे आणि १९४० वर शेवटी यावे. तसे केले की दिसते ती अपयशांची मालिका. गॅलिपोली झालीच, १९२५ मध्ये अर्थमंत्री म्हणून पौंड पुन्हा सोन्याशी बांधण्याचा निर्णय फसला, १९३० च्या दशकात भारताला स्वराज्याचे थोडे अधिकार देण्याच्या विधेयकाविरुद्ध ते हिरिरीने लढले आणि स्वतःच्याच पक्षात एकाकी पडले. हिटलरविषयी त्यांनी दिलेले इशारे लोकांनी गंभीरपणे घेतले नाहीत, त्याचे एक कारण हेच होते की गांधीजींविषयी आणि भारताविषयी ते त्याच आवेशाने, त्याच निर्वाणीच्या भाषेत बोलत आले होते.

मुंबईकरांसाठी एक तपशील. १८९६ मध्ये हा तरुण घोडदळ अधिकारी जहाजातून ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना भिंतीतल्या लोखंडी कडीला धरून लटकला आणि त्याचा खांदा निखळला. तो खांदा त्यांना जन्मभर त्रास देत राहिला. पुण्याच्या छावणीत थोडे थांबून ते बंगळूरला गेले. भारताशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो त्या तरुणपणातच. नंतर ते इथे परतले नाहीत आणि त्यांच्या मनातला भारत १८९६ च्या लष्करी छावणीच्या कुंपणापलीकडे कधी गेला नाही.

याचा परिणाम १९४३ मध्ये बंगालने भोगला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिथला तांदूळ बंद झाला होता; शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनेच किनारपट्टीवरच्या होड्या आणि धान्यसाठे ताब्यात घेतले होते; ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मिदनापूर उद्ध्वस्त केले; भाव कडाडले. सुमारे ३० लाख माणसे दगावली असा अंदाज दिला जातो. भारतमंत्री लिओ ॲमरी यांनी धान्य पाठवण्याची मागणी युद्धमंत्रिमंडळापुढे वारंवार ठेवली आणि मागितलेल्याचा थोडाच भाग मंजूर झाला. मे १९४० मध्ये संसदेत चेंबरलेन यांना ‘चालते व्हा’ असे सुनावून चर्चिल यांचा मार्ग मोकळा करणाऱ्यांत हेच ॲमरी अग्रभागी होते. जहाजे खरोखरच अपुरी होती हे मी मान्य करतो. अटलांटिकच्या नकाशावरची छिद्रे पाहिलेला कोणीही ते नाकारणार नाही. पण जहाजे अपुरी असताना ती कोणाकडे आधी वळवायची हा राजकीय निर्णय असतो, आणि तो घेताना बंगालची भूक त्या टेबलाला लंडनच्या भुकेइतकी खरी वाटली नाही. मदतीला लष्कर जुंपण्याचे काम ऑक्टोबरात आलेल्या नव्या व्हाइसरॉय वेव्हेल यांनी केले.

इथे मला त्या पिढीची मर्यादा दिसते. जे त्यांनी स्वतः भोगले होते त्याच्याविषयी ते असामान्य जबाबदारीने वागले. पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत मेलेल्या मुलांची त्यांना आठवण होती, म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर परतण्याची घाई त्यांनी केली नाही. शिधावाटपात कोणाला झुकते माप मिळू नये हे त्यांनी पाहिले. पण ज्यांचे दुःख त्यांच्या आयुष्याला कधी शिवले नव्हते त्यांच्यापर्यंत ती जबाबदारी पोहोचली नाही. एखाद्या पिढीच्या चारित्र्याचे गोडवे गाताना ते चारित्र्य कोणासाठी होते हेही विचारलेच पाहिजे.

ॲटलींचा प्रवास या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. सायमन कमिशनचे सदस्य म्हणून ते फेब्रुवारी १९२८ मध्ये मुंबईच्या बंदरावर उतरले तेव्हा काळ्या निशाणांनी त्यांचे स्वागत झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये, चर्चिल इजिप्तच्या दौऱ्यावर असताना, युद्धमंत्रिमंडळाचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते आणि गांधीजी व काँग्रेस कार्यकारिणीला अटक करण्याची मंजुरी त्या वेळी दिली गेली. पुढे २० फेब्रुवारी १९४७ रोजी सत्ता सोडण्याची घोषणा करणारे पंतप्रधानही तेच. हा एकच माणूस पूना डिव्हिजनच्या सुटकेसाठी जखमी झाला, आपल्या नेत्यांना तुरुंगात धाडणाऱ्या बैठकीचा अध्यक्ष झाला आणि शेवटी भारतावरची सत्ता सोडणारा पंतप्रधान ठरला. माझ्या दृष्टीने या तळघराची दुसरी अर्धी कथा ही आहे. जुलै १९४५ च्या निवडणुकीत मतदारांनी विजयी चर्चिल यांना घरी पाठवून मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या, तेव्हा नकाशाच्या खोलीतले काम अजून चालूच होते. युद्ध निभावणारा आणि शांततेच्या काळात घरे, दवाखाने उभारणारा नेता एकच असला पाहिजे असे त्या मतदारांना वाटले नाही. त्या लोकशाहीविषयी मला आदर वाटतो तो सर्वांत जास्त या निकालामुळे.

दुकान आणि उपाहारगृह यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दुकानात चर्चिल यांच्या वाक्यांचे कप आणि भित्तिपत्रके भरपूर आहेत. चहा ठीक आहे, महाग आहे. दहा वर्षांखालील मुले दूरध्वनीची कोठडी पाहिल्यावर कंटाळतात, हे पालकांनी जाणून असावे. आठवीनववीतल्या मुलांना मात्र आवर्जून न्यावे आणि जाण्याआधी त्यांना डंकर्क आणि बंगालचा दुष्काळ या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. वयस्कांसाठी लिफ्टची सोय आहे, तरी बराच वेळ उभे राहावे लागते. तिकीट परवडत नसेल तर याच संस्थेचे लॅम्बेथमधील मोठे युद्धसंग्रहालय विनामूल्य आहे. त्याने या खोल्यांची उणीव भरून निघत नाही, पण संदर्भ कळतो.

आणि ज्यांना लंडनला जाणे शक्य नाही, किंवा जे जाऊन आले आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला पाहावा. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झालेल्या नेत्यांना खास गाडीने नेण्यात आले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले आणि नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, शंकरराव देव हे सारे नगरच्या किल्ल्यात बंद झाले. लंडनच्या तळघरात युद्ध चालवले जात होते त्याच काळात, अडीच वर्षांहून अधिक, ही मंडळी एका अंगणाभोवतीच्या खोल्यांत वाचत, वाद घालत, वाफे खणत आणि स्वभावाने एकमेकांना त्रास देत राहिली. १९४७ मध्ये फाळणी, लाखो निर्वासित, संस्थानांचे विलीनीकरण आणि काश्मीर हे सारे एकाच वर्षात कोसळले तेव्हा त्यांपैकी अनेक जण सरकारात होते, आणि टोकाचे मतभेद असतानाही एका मंत्रिमंडळात बसण्याची सवय त्यांना आधीपासून होती. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि प्रवेश कोणत्या दिवशी मिळतो याची आधी चौकशी करून निघावे. नेत्यांच्या खोल्या जतन केलेल्या आहेत. ऑडिओ गाइडची अपेक्षा धरू नये, वाचून जावे.